प्रेमपटाची स्मरणीयता आणि उद्दीपनाचा प्रश्न

१

एखादा प्रेमपट पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात का राहतो, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा आठवणीपर लेखनात विचारला जातो. समीक्षेच्या प्रांतात तो क्वचितच येतो. त्यामुळे त्याची उत्तरेही आठवणींच्या पातळीवरच राहिली आहेत. गाणी अवीट होती, नायिका लावण्यवती होती, शेवट काळीज पिळवटणारा होता, अशी ही उत्तरे असतात. ती खोटी नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. ज्यांची कथा आज कोणालाही सांगता येणार नाही अशा कितीतरी चित्रपटांची गाणी लोकांच्या ओठांवर आहेत. करुण शेवट असलेल्या आणि तरीही पूर्णतः विस्मृतीत गेलेल्या चित्रपटांची संख्या तर मोजण्यापलीकडची आहे. तेव्हा या घटकांच्या मागे आणखी काही असले पाहिजे. प्रस्तुत लेखात काही निवडक मराठी प्रेमपटांच्या आधारे त्याचा शोध घ्यावयाचा आहे, आणि त्यासाठी संस्कृत काव्यशास्त्रातील 'उद्दीपन विभाव' या संकल्पनेची पुनर्तपासणी करावयाची आहे.

शृंगाररसाच्या विवेचनात काव्यशास्त्राने विभावांचे दोन प्रकार मानले आहेत. ज्यांच्या आश्रयाने रती हा स्थायीभाव उभा राहतो ते नायक-नायिका हे आलंबन विभाव होत. आणि जो परिसर ही रती प्रज्वलित करतो, म्हणजे चांदणे, उपवन, वसंत ऋतू, मंद वारा, तो उद्दीपन विभाव होय. या विभागणीत एक श्रेणी अनुस्यूत आहे. आलंबन मुख्य, उद्दीपन गौण. शिवाय उद्दीपनाचे स्वरूप संकेतबद्ध असल्यामुळे ते उसने देता-घेता येते. एका नाटकातील उपवन दुसऱ्या नाटकात नेले तरी फारसे बिघडत नाही. लोकप्रिय चित्रपटाने ही श्रेणी जशीच्या तशी उचलली. काश्मीरची बाग काय, स्वित्झर्लंडचे हिमशिखर काय किंवा उटीचे चहाचे मळे काय, प्रेमिकांच्या मागे यांपैकी काहीही उभे करता येते, कारण यांपैकी कशाचाही त्यांच्या प्रेमाशी व्यवहार नसतो. स्थळ हे तिथे पडद्यासारखे असते.

माझे प्रतिपादन असे आहे की, जो प्रेमपट टिकतो त्यात ही श्रेणी मोडलेली असते. जे उद्दीपन म्हणून आले होते ते सजावट म्हणून राहण्यास नकार देते, प्रेमाच्या आड येते, त्याच्याकडून काहीतरी वसूल करते. या गुणाला मी 'अविनिमेयता' म्हणेन. ज्याच्या जागी दुसरे काही ठेवताच प्रेमकथाच कोसळते, ते अविनिमेय. डेव्हिड लीन यांच्या 'ब्रीफ एन्काउंटर' (१९४५) या चित्रपटात दोन विवाहित, मध्यमवयीन माणसे रेल्वेस्थानकावरील उपाहारगृहात भेटतात. त्यांच्या प्रेमाची लांबी-रुंदी गाड्यांचे वेळापत्रक ठरवते. ते वेळापत्रक काढून त्यांना बागेत बसवा. दोन सभ्य माणसांचा फिकट संवाद तेवढा उरेल. 'कॅसाब्लांका' (१९४२) मधून प्रवासपरवाने काढा. नायकाच्या त्यागाला वस्तूच उरणार नाही. आपल्याकडे अशा वस्तू कोणत्या, त्या काय वसूल करतात आणि कोणाकडून, हे पाहणे आवश्यक आहे.

२

या विचाराला चालना मिळाली ती मी जेथे राहते व शिकवते त्या परिसरामुळे. कर्जतहून कोंदिवड्यामार्गे कोंडाणे येथे गेले की राजमाचीच्या पायथ्याशी, झाडीत, बौद्ध लेणी लागतात. त्यांचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीचे पहिले शतक मानला जातो. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर स्त्री-पुरुषांच्या नृत्यमग्न जोड्या कोरलेल्या आहेत. संसाराचा त्याग केलेल्या भिक्षूंच्या प्रार्थनास्थळावर ही मिथुने का, याचे उत्तर कलेतिहासकार मांगल्याच्या संकेतात शोधतात. मला महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. दर्शनी भागाच्या एका बाजूस एका भग्न, भव्य मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीतील छोटा लेख आहे. त्यात कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केल्याची नोंद आहे. म्हणजे घडविणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले. जोड्यांना नावे नाहीत, कथा नाही, त्यांच्यापुढे अडसर नाही. त्या शुद्ध आलंबन आहेत. आपण त्यांच्याकडे पाहतो, त्यांचे लालित्य वाखाणतो आणि डोंगर उतरेपर्यंत कोणती जोडी कोठे होती हे सांगता येत नाही. शिल्पाचे ते वैगुण्य नव्हे. मांगल्यसूचक मिथुनाकडून आपण कथेची अपेक्षाच करीत नाही. परंतु प्रेमपटाची गोष्ट निराळी आहे. केवळ सुंदर जोडी ही प्रेमपटाला पुरत नाही, एवढे कोंडाण्याची ही भिंत शिकवते.

याच अंतर्गत रायगडात, खालापूर तालुक्यातील चौकजवळ, कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर' (२००८) या चित्रपटासाठी तेथे आग्र्याचा किल्ला उभा राहिला. सह्याद्रीच्या कुशीत प्लायवुड आणि प्लास्टरचे मोगल वैभव उभे राहावे, आणि पर्यटकांनी तिकीट काढून ते पाहावे, यात विनिमेयतेची परिसीमा आहे असे कोणी म्हणेल. परंतु येथे सावध राहिले पाहिजे. खरे स्थळ म्हणजे चांगला प्रेमपट आणि कृत्रिम नेपथ्य म्हणजे खोटा प्रेमपट, असे भाबडे समीकरण मला मांडावयाचे नाही. 'मोगल-ए-आझम' (१९६०) मधील शीशमहाल हे कृत्रिम नेपथ्यच होते; पण बादशहाच्या नजरेसमोर छतावरच्या आरशा-आरशांतून अनारकलीचे प्रतिबिंब उमटते तेव्हा तो शीशमहाल सजावट राहत नाही. बादशहाला जे पाहावयाचे नाही ते तो त्याला हजार वेळा दाखवतो. तेव्हा प्रश्न दगड की प्लास्टर हा नाही. ते स्थळ, ती वस्तू, त्या प्रेमाशी काय करते, हा आहे.

३

मराठी चित्रपटाने हा भेद फार लवकर ओळखला होता, याचा पुरावा म्हणून व्ही. शांताराम यांच्या 'माणूस' (१९३९) या प्रभातच्या चित्रपटाकडे पाहता येते. गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही वेश्या यांची ही कथा. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्या भूमिका, अनंत काणेकर यांचे संवाद. प्रमथेश बरुआंच्या 'देवदास' (१९३५) ने देशभर पसरविलेल्या आत्मनाशी प्रेमाच्या आदर्शाला उत्तर देण्याचा हेतू या चित्रपटामागे होता, हे सर्वश्रुत आहे. पण त्याहून सूचक अशी गोष्ट चित्रपटाच्या अंतरंगात आहे. गणपत आणि मैना एका ठिकाणी चित्रीकरण चालू असताना पाहतात, आणि त्या निमित्ताने शांतारामबापू बॉम्बे टॉकीजच्या धर्तीच्या प्रेमप्रसंगाचे विडंबन करतात. प्रेमपटाने प्रेमपटाच्या संकेतांना हसण्याचा हा आपल्याकडील फार जुना दाखला आहे. झाड, गाणे, लाडिक संवाद हे सारे विनिमेय साहित्य तो समोर मांडतो, त्याला हसतो, आणि मग प्रेक्षकाला विचारतो की, हे बाजूला ठेवल्यावर प्रेमाचे काय उरते?

जे उरते ते एका घराचा उंबरठा. गणपत मैनेला आपल्या आईकडे घेऊन जातो. सुंदराबाईंनी उभी केलेली ही आई दुष्ट नाही. ती भाविक आहे, सालस आहे, मुलाने सून आणली म्हणून आनंदलेली आहे. आईचा विरोध मैनेला कदाचित सोसता आला असता. तिचा निर्व्याज विश्वास सोसत नाही. देवासमोर उभे राहण्याचा प्रसंग येतो आणि मैना त्या घरातून निघून जाते. तुळस, देव्हारा, सासूचा आशीर्वाद ही सारी मराठी कौटुंबिक चित्रपटाची उद्दीपन-सामग्री. येथे तीच भिंत होते. हा सारा परिसर पुण्याच्या प्रभात स्टुडिओत रंगवलेला आणि ठोकून उभा केलेला होता. तरीही तो अविनिमेय आहे, कारण मैनेची शोकांतिका त्या देव्हाऱ्यावाचून घडूच शकत नाही.

शेवटी मामाच्या खुनाबद्दल मैना तुरुंगात जाते. गणपत तिला सोडवू पाहतो, तेव्हा ती ती सुटका नाकारते आणि त्याला जगण्यासाठी परत पाठवते. 'देवदास'मध्ये नायक मरतो व त्याच्या मरणाला उदात्तता लाभते. 'माणूस'मध्ये नायक जगतो, आणि त्याच्या जगण्याची किंमत नायिका गजांआड भरते. जीवन जगण्यासाठी आहे, या चित्रपटाच्या बहुचर्चित संदेशाची ही दुसरी बाजू आपल्या समीक्षेने पुरेशी नोंदविलेली नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

४

आमच्या डोंगरांशी प्रत्यक्ष नाते असलेला प्रेमपट म्हणजे जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' (१९७७). गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. कोंडाण्याच्या माथ्यावर उभ्या असलेल्या राजमाचीवर ज्यांनी 'माचीवरला बुधा' लिहिली, त्याच लेखकाने पनवेलकडच्या कर्नाळ्याच्या सुळक्याभोवती ही ठाकरांची कथा रचली. नाग्याच्या मनात पुण्यवंत होऊन राणी माशी पाहण्याची आस आहे. मोहोळाच्या माश्या त्याला डसतात, त्याचा एक डोळा जातो, आणि भक्तीची जागा सुडाची प्रतिज्ञा घेते: लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवायची. चिंधी नावडत्या नवऱ्यापासून मोकळी होऊन नाग्यावर जीव लावते, त्याच्या प्रतिज्ञेत सामील होते. नाग्या जिंकतो. चिंधी माश्यांच्या दंशाने मरते.

मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांचा अभिनय, ना. धों. महानोर यांची गीते, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि कथा गात पुढे नेणारा गायकवृंद यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. मला लक्ष वेधावयाचे आहे ते डोंगराच्या स्थानाकडे. रूढ संकेतानुसार डोंगर, रान, पाऊस हे शृंगाराचे उद्दीपन. चित्रपटाच्या आरंभी ते तसे वाटतेही; रान ओले आहे, माणसे गात आहेत. परंतु लिंगोबाचा सुळका हळूहळू त्या जोडीतील तिसरा होतो. नाग्याच्या मनात त्याला जी जागा आहे ती चिंधीच्या जागेहून लहान नाही. चिंधीला नाग्या हवा असेल तर डोंगर स्वीकारावा लागतो. एका अर्थी तीच आपल्या प्रियकराच्या वेडाची अधिक समंजस वाटेकरी आहे. त्याला वैर दिसते, तिला वैरी आणि आपला माणूस दोन्ही दिसतात. उद्दीपन विभाव येथे आलंबनाच्या पातळीवर चढतो आणि आलंबनालाच गिळतो. या डोंगराच्या जागी दुसरा डोंगर चालेल का? भूगोलाच्या दृष्टीने कदाचित चालेल. पण देव आणि वैरी दोन्ही असलेला, ज्याच्या अंगावर माश्यांची पोळी लटकत आहेत असा डोंगरच हवा. बर्फाच्छादित शिखर चालणार नाही.

हा चित्रपट मी वर्गात दाखवते. आमच्या विद्यार्थ्यांत आसपासच्या ठाकरवाड्यांतील मुलेमुली असतात. एका वर्षी चित्रपट संपल्यावर एका मुलाने शांतपणे सांगितले की, मोहोळ काढायला त्याचे आजोबा रात्री धूर करून, दोर लावून जात. माश्यांवर सूड घ्यायला कोणी गेल्याचे त्याने ऐकले नव्हते. वर्ग हसला. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मॅडम, जैत कुणाची झाली?" मी तेव्हा जे उत्तर दिले ते पाठ्यपुस्तकी होते: विजयातच पराजय, शोकात्म विरोधाभास वगैरे. त्या मुलीचे समाधान झाले नाही, आणि आज वाटते की ते होऊ नये हेच योग्य होते. तिच्या प्रश्नात 'कुणाची' हा शब्द महत्त्वाचा होता आणि माझ्या उत्तरात तो कोठेही नव्हता.

५

अविनिमेयतेची कसोटी सर्वांत स्पष्ट होते ती चित्रपटांच्या स्थलांतरात. एखादी प्रेमकथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेली जाते तेव्हा काय टिकते आणि काय गळते, हे तपासले तर तिचा कणा कोठे होता ते कळते. येथे तीन उदाहरणे घेऊ.

पहिले 'पिंजरा' (१९७२). जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या 'डेर ब्लाउए एंजल' (१९३०) या जर्मन चित्रपटाचे, आणि त्यामागील हाइनरिख मान यांच्या १९०५ च्या कादंबरीचे, हे रूपांतर. शिक्षक नाचणारणीच्या नादी लागून अधोगतीला जातो, एवढा सांगाडा समान. पण शांतारामबापूंनी कॅबरेच्या जागी तमाशाचा फड आणला एवढ्यावर हे रूपांतर थांबले असते तर ते केवळ वेषांतर ठरले असते. त्यांनी एक नवी वस्तू आणली: गुरुजींचा पुतळा. डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेले गुरुजी मेले असे समजून गाव त्यांचा पुतळा उभारते, आणि जिवंत गुरुजी शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली मुकाट्याने फाशी जातात. आदर्श माणसाचा पुतळा हवा असणारा, जिवंत माणूस मात्र परवडत नसलेला हा समाज ग्रामसुधारणेच्या काळातील महाराष्ट्राच्या फार ओळखीचा आहे. मूळ कथेची भिंत येथे आणता येत नव्हती, म्हणून येथली भिंत शोधली गेली. म्हणूनच 'पिंजरा' उसना वाटत नाही.

दुसरे उदाहरण राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या हलक्याफुलक्या चित्रपटाचे. नवपरिणीत जोडपे, चाळीतील अपुरी जागा आणि भरलेले कुटुंब. लग्न झालेले आहे, घरच्यांचा विरोध नाही, खलनायक नाही. नाही ती फक्त जागा. शृंगारात एकांत हा गृहीत धरलेला असतो. येथे तोच दुर्मिळ वस्तू होतो, आणि कुजबुज, पडदा, मध्यरात्री पाण्याला उठणारे कोणीतरी यांतून प्रेम साकार होते. बासू चटर्जी यांनी 'पिया का घर' (१९७२) या नावाने तो हिंदीत नेला, तेव्हा भाषा बदलली पण चाळ बदलली नाही. कथेची वीट तीच राहिल्यामुळे दोन्ही चित्रपट उभे राहिले. करुण शेवटावाचूनही प्रेमपट स्मरणीय होऊ शकतो, हे येथे जाता जाता नोंदवावे.

तिसरे उदाहरण याच्या उलट दिशेचे. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' (२०१३) मध्ये जब्याचे एकतर्फी प्रेम डुकराच्या समोर उभे केले होते. शालूपुढे स्वच्छ कपड्यांत उभे राहण्याची ज्याची धडपड, त्याला तिच्याच डोळ्यांदेखत कुटुंबासह डुकरामागे धावावे लागते. 'सैराट' (२०१६) मध्ये हीच भिंत अधिक विस्तारलेली आहे. पूर्वार्धात करमाळ्याच्या परिसरातील विहीर, उसाचे फड आणि भव्य वाद्यवृंदाची गाणी अशी जणू सर्व उद्दीपन-सामग्री मंजुळे मुद्दाम उधळतात. उत्तरार्ध हैदराबादच्या झोपडपट्टीत जातो आणि गाणे लोपते. डोशाची गाडी, कारखान्यातील काम, शौचालयाची दुर्गंधी, संशय, एक थप्पड, रुसून जाणे आणि परत येणे. प्रेमिकांचे जोडपे होते ते येथे. आणि मग माहेरची भेट घेऊन भाऊ येतो. रक्तात पडलेली ठसठशीत चिमुकली पावले आणि पूर्ण शांतता, हा शेवट मराठी प्रेक्षक विसरलेला नाही.

याच कथेवरून हिंदीत 'धडक' (२०१८) निघाला. स्थळ उदयपूर आणि कोलकाता झाले. आक्षेप स्थळाला नाही. जातिव्यवस्था उदयपुरातही आहे. आक्षेप असा की जात येथे ठळकपणे उच्चारली जात नाही, तिच्या जागी घराणी आणि राजकीय प्रतिष्ठा येते. परिणामी सरोवर, हवेल्या, रंगीत पागोटी हे सारे पुन्हा पर्यटनपत्रिकेतील उद्दीपन होते. शेवटही बदलतो: नायक आणि मूल मरतात, नायिका वाचते. धक्का दोन्हीकडे आहे. परंतु 'सैराट'मध्ये तो अटळ वाटतो, 'धडक'मध्ये आकस्मिक. ज्या व्यवस्थेने हा खून केला तिचे नावच कथेतून गळल्यावर खून हा केवळ अपघातासारखा उरतो. अविनिमेय गोष्टीचा विनिमय केला की नेमके काय घडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

६

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल, आणि तो मी टाळू इच्छित नाही. प्रत्यक्ष लोकस्मृतीत हे चित्रपट टिकले आहेत ते अविनिमेय वस्तूंमुळे नव्हे, गाण्यांमुळेच, असे कोणी म्हणेल. 'जैत रे जैत'ची गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांपैकी अनेकांनी तो चित्रपट पाहिलेला नसतो. 'सैराट'च्या गाण्यांवर ज्या वरातींत लोक नाचले, त्यांतील कितीतरी वराती आंतरजातीय विवाहाचा विचारही सहन न करणाऱ्या घरांतून निघाल्या असतील.

आक्षेपातील वस्तुस्थिती मान्यच आहे. परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. गाणे हा प्रेमपटातील सर्वाधिक विनिमेय घटक होय. ते डोंगरावरून उतरते, आकाशवाणीवर जाते, लग्नमंडपात जाते, मोबाइलमध्ये जाते, आणि जाताना आपली भिंत मागे सोडते. ही गाण्याची शक्ती आहे. महानोरांच्या शब्दांनी ठाकरांचे रान कधीही न पाहिलेल्या माणसाला ते रान दिले, हे लहान कार्य नव्हे. पण गाणे लक्षात ठेवणे आणि प्रेमपट लक्षात ठेवणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, आणि अनेकदा पहिली दुसरीच्या आड येते. गाणे आपल्याला रती देते. तिची किंमत देत नाही. म्हणून स्मरणीयतेचा विचार करताना किती लोकांना आठवते याच्याबरोबरच काय वगळून आठवते, हेही विचारले पाहिजे.

आणि वगळले जाते ते बहुधा एकाच बाजूचे. मैना तुरुंगात जाते आणि गणपत कामावर रुजू होतो. चिंधी मरते आणि शीर्षक नाग्याच्या विजयाचे आहे. आपल्या प्रेमपटांतील अविनिमेय वस्तू, मग ती देव्हारा असो की डोंगर, जी किंमत मागते ती पुष्कळदा स्त्रीने चुकती केलेली असते. आणि त्या भरपाईला 'त्याग' हे नाव देऊन समीक्षेने ती पुनःपुन्हा सुंदर करून दाखविली आहे. अभिजात काव्यशास्त्राच्या भाषेत, आपण तिचा विप्रलंभ किंवा करुण रस केला. रसात रूपांतर झाले की साधारणीकरण होते. साधारणीकरण झाले की अमुक एका स्त्रीचा अमुक एक मृत्यू उरत नाही. आस्वादाला ते आवश्यकच आहे. तरीही जो चित्रपट आस्वादानंतर परत त्या अमुक स्त्रीकडे वळावयास लावतो तो थोर, असे मला वाटते.

या दृष्टीने 'सैराट'चा शेवट मराठी प्रेमपटाच्या परंपरेत एक वळण आणतो. तेथे किंमत दोघेही भरतात आणि त्यागाची भाषा कोणीच बोलत नाही. आर्ची आणि परश्या यांनी कशासाठीही मरण पत्करलेले नाही. ते चहा करीत होते. मागे जो उरतो त्याला बोलताही येत नाही. त्याच्या स्मरणाचे गाणे होऊ शकत नाही, म्हणून संगीतकारही तेथे थांबतो. चार दशकांपूर्वी कर्नाळ्याच्या सुळक्याखाली गायकवृंदाने जी कथा शेवटपर्यंत गाऊन नेली होती, तिच्यापुढे ही शांतता ठेवून पाहावी. एकीला श्रेष्ठ व दुसरीला कनिष्ठ ठरविण्याचा येथे हेतू नाही. परंतु पहिलीत ऐकू न आलेले काही दुसरीमुळे ऐकू येते, हे खरे. 'जैत रे जैत' मी आता 'सैराट'नंतर दाखवते, आधी नाही. त्या क्रमाने पाहिल्यावर मुले गाण्यांबद्दल कमी बोलतात आणि चिंधीबद्दल जास्त. ती नवऱ्यापासून मोकळी झाली तेव्हा तिने काय ठरवले असेल, डोंगर तिला हवा होता का, तिच्या मरणानंतर वाडीत तिच्याविषयी काय बोलले गेले असेल, असे प्रश्न निघतात. यांची उत्तरे चित्रपटात नाहीत. ते प्रश्न निर्माण होण्याइतकी जागा मात्र त्यात आहे. विनिमेय प्रेमपटात तीही नसते.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीच्या प्रश्नाला आज मी वेगळे उत्तर देईन. जैत नाग्याची झाली, चित्रपट तसेच सांगतो आणि ते खोटे नाही. परंतु ती जैत कोणाच्या हिशेबातून वजा झाली हे विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाचा आहे, आणि समीक्षकाचे तर ते कामच आहे. ती मुलगी शिक्षण पुरे करून गेली. हे उत्तर तिला द्यावयाचे राहिले, म्हणून येथे लिहून ठेवीत आहे.